आठ महिने एआय सहायक वापरल्यानंतर: मराठी मजकूर आणि लवकर संपणारी मर्यादा

आमच्या गृहनिर्माण संस्थेची मानद सचिव म्हणून मी गेले आठ महिने एक एआय सहायक पैसे भरून वापरते आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस निघण्याच्या आदल्या रात्री अहवालाचा मसुदा अर्ध्यावर असताना वापरमर्यादा संपली आणि काही तासांनी पुन्हा या, असा संदेश आला. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आणि तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यायची असल्याने थांबणे शक्य नव्हते. उरलेला अहवाल मी रात्री दीडपर्यंत हाताने लिहिला.

ग्राहकसेवेकडून तीन वेळा एकच उत्तर आले, की संभाषण लहान ठेवा. ते का, हे कोणीच सांगितले नाही, म्हणून मी स्वतः शोधले. आपण नवा प्रश्न विचारतो तेव्हा त्याच्यासोबत मागचे सगळे संभाषण पुन्हा वाचले जाते, त्यामुळे सुरुवातीला चिकटवलेले उपविधी (संस्थेच्या कामकाजाचे नियम) प्रत्येक प्रश्नाला नव्याने मोजले जात होते. शिवाय मोजणी शब्दांची नसून टोकनांची, म्हणजे मजकुराच्या लहान तुकड्यांची असते. संगणकात अक्षरे साठवण्याच्या युनिकोड या मानकाच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षर एका बाइटात (साठवणुकीच्या एककात) मावते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘इतिवृत्त’ हा आपला रोजचा शब्द घ्या: वेलांटी, ऋकार आणि हलन्त धरून त्यात आठ चिन्हे, म्हणजे २४ बाइट आहेत, त्याचा इंग्रजी प्रतिशब्द सात बाइटांत संपतो. वारंवार सोबत येणारे बाइट जोडून टोकन तयार होतात आणि मराठी मजकूर कमी पाहिलेल्या मॉडेलमध्ये (सहायकामागच्या प्रणालीत) हे जोडकाम अपुरे राहते, म्हणून टोकन जास्त लागतात. तेवढेच पैसे भरून मराठी माणसाला कमी काम मिळावे, याचा मला मनापासून राग आला.

मात्र हा राग आता अर्ध्यावर आला आहे. मे २०२४ मध्ये ओपनएआय या कंपनीने जीपीटी-४ओ हे मॉडेल आणले, तेव्हा त्यांनी दिलेल्या नमुना मजकुराला मराठीत पूर्वी ९६ टोकन लागत होते, ते ३३ वर आले. इंग्रजीत त्याच मजकुराला २४ लागतात. तफावत उरली आहे, पण ती पूर्वीइतकी राहिलेली नाही. मीही आता प्रत्येक विषयाला नवे संभाषण उघडते आणि लागेल तेवढाच उपविधी चिकटवते. गेल्या तीन महिन्यांत मर्यादा दोनदाच संपली.

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. भाडेकरू ठेवलेल्या सदनिकेच्या ना-वापर शुल्काबद्दल (मालक स्वतः राहत नसल्यास संस्था घेते त्या शुल्काबद्दल) विचारले असता सहायकाने २५ टक्के सांगितले आणि सोबत एक कलमही दिले. शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. चूक दाखवल्यावर त्याने क्षमा मागून दुसरे, तेही चुकीचे कलम दिले. अशा वेळी वाद घालत बसू नये. मूळ मजकूर देऊन ‘उत्तर फक्त यातूनच द्या, यात नसेल तर नाही म्हणा’ असे स्पष्ट लिहावे. तेव्हापासून कलमांची चूक आढळलेली नाही, तरी नोटिशीत घालण्यापूर्वी प्रत्येक क्रमांक मी पुस्तकात पाहते.

युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली जुनी इतिवृत्ते चिकटवली, तर ती निरर्थक रोमन अक्षरांसारखी उमटतात. ‘वाचता येत नाही’ असे म्हणण्याऐवजी सहायकाने त्यातून चक्क एक ठराव रचून दिला, म्हणून आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून मगच मजकूर द्यावा. थकबाकीची बेरीजही त्याच्याकडून करून घेऊ नये, ती एक्सेलमध्येच करावी.

वर्गणीचे ऑटोपे मी बंद केले आहे. हा खर्च संस्थेच्या खात्यातून नव्हे, माझ्या खिशातून होतो, त्यामुळे यापुढे लेखापरीक्षणाचा आणि सभेचा असे दोनच महिने पैसे भरणार आहे.