फुजिफिल्म एक्स१००व्हीआय: फोटोची प्रत आणि किमतीचा हिशोब

लेन्स बदलता येत नाही, झूम नाही, आणि किंमत १,५९,९९९ रुपये. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुजिफिल्मने एक्स१००व्हीआय हा कॅमेरा आणला तेव्हा भारतातली किंमत ही होती. तरीही जगभर मागणी एवढी, की नोंदणी करून महिनोन्महिने वाट पाहावी लागत होती. यातले किती पैसे फोटोच्या प्रतीचे आणि किती हौसेचे, हे सुटं करून पाहिल्याशिवाय हा व्यवहार कळत नाही.

आधी सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, पाहू. आकार एपीएस-सी, म्हणजे साधारण २३.५ बाय १५.७ मिलीमीटर. एक इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या सेन्सरच्या तिप्पट आणि चांगल्या फोनमधल्या मुख्य सेन्सरच्या सुमारे पाचपट क्षेत्रफळ. त्यावर ४०.२ मेगापिक्सेल, ७७२८ बाय ५१५२. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापायचं तर जवळपास २६ बाय १७ इंचांचा प्रिंट न ताणता निघतो. लग्नाच्या अल्बमला किंवा मासिकाच्या दुपानी चित्राला यातलं बरंच शिल्लक राहतं, आणि ते कापून वापरता येतं. लेन्स ३५ मिलीमीटरच्या दृष्टिकोनाची. चौकट ५० मिलीमीटरइतकी कापली तर सुमारे २० मेगापिक्सेल उरतात, ७० इतकी कापली तर १०. झूमची उणीव यातून अर्धी भरून निघते, पूर्ण नाही.

चाळीस मेगापिक्सेलची दुसरी बाजूही आहे. प्रत्येक पिक्सेल जेमतेम ३ मायक्रॉनचा. पडद्यावर १०० टक्के मोठा करून पाहिलं तर आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील, याचा आकडा) ३२०० ला जुन्या २६ मेगापिक्सेलच्या एक्स१००व्हीपेक्षा दाणे जास्त दिसतात. दोन्ही फोटो एकाच मापाला छापले तर फरक जवळजवळ मावळतो. म्हणून फक्त पडद्यावर मोठं करून केलेल्या तुलनेवर विसंबू नये. पिक्सेल बारीक असल्याने हाताचा कंपही लपत नाही. चालत्या माणसासाठी १/१२५ सेकंद हा जुना अंदाज इथे कमी पडतो; १/२५० धरावा. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं तोंड (एफचा आकडा मोठा तितकं ते लहान), एफ/११ च्या पुढे नेलं की डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक तोंडातून प्रकाश पसरल्याने, बारकावे विरघळू लागतात. डोंगररांगांच्या फोटोला एफ/५.६ ते एफ/८ पुरेसं आहे; एफ/१६ ने फायदा नाही, तोटाच होतो.

लेन्सबद्दल स्पष्ट बोलायला हवं. २३ मिलीमीटर एफ/२ ची (या सेन्सरवर ३५ इतका दृष्टिकोन देणारी) ही लेन्स २०२० च्या एक्स१००व्हीमध्ये आली आणि तीच, बदल न करता, इथे ४० मेगापिक्सेलसमोर बसवली आहे. मध्यभाग एफ/२ लाही चोख. कोपरे मात्र एफ/२ ला मऊ पडतात. एफ/४ ला सावरतात आणि एफ/५.६ ला पूर्ण चौकट एकसारखी होते. माणसांच्या फोटोत कोपरे कोणी पाहत नाही. वाड्याचा दरवाजा किंवा मंदिराची कोरीव भिंत समोरासमोर घेताना ते लगेच नजरेत येतं. लेन्स १० सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते, पण तिथे एफ/२ ला चित्रावर हलकी धुंदी चढते. थाळी किंवा दागिने जवळून घ्यायचे तर एफ/४ च्या खाली उतरू नये.

या कॅमेऱ्याची खरी कसोटी भर दुपारी लागते. आषाढी वारीतले पांढरे सदरे आणि टोप्या, खाली काळा डांबरी रस्ता: इतका टोकाचा फरक पेलताना आधी पांढरा रंग जळतो. डीआर२०० किंवा डीआर४०० हे उजेड-सावलीचा फरक सांभाळणारे पर्याय निवडले की कॅमेरा एक्स्पोजर कमी ठेवून सावल्या नंतर उचलतो, आणि कपड्याच्या घड्या शाबूत राहतात. पण मूळ आयएसओ १२५ आहे. डीआर२०० ला किमान २५० लागतं, डीआर४०० ला ५००. आयएसओ १२५ वर अडकवून ठेवला तर डीआरचे पर्याय उपलब्धच होत नाहीत. ‘माझ्या कॅमेऱ्यात डीआर४०० चालत नाही’ असं कोणी म्हणालं, तर आधी आयएसओ तपासायला सांगावं.

त्याच उन्हात एफ/२ वापरायचं तर साधा हिशोब करा. आयएसओ १२५ ला एफ/१६ आणि १/१२५ हे भर उन्हाचं एक्स्पोजर. एफ/२ म्हणजे सहा स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट) जास्त प्रकाश, म्हणजे १/८००० सेकंद लागेल. यांत्रिक शटर १/४००० ला थांबतं. उपाय कॅमेऱ्यातच आहे. चार स्टॉपचा एनडी, म्हणजे प्रकाश कमी करणारा, फिल्टर लावला की तोच फोटो १/५०० ला येतो. एनडी चालू-बंद करायला एखादं बटण नेमून द्यावं. मेनूत शोधत बसलं तर समोरचा माणूस निघून जातो. शटर लेन्सच्या आतच असल्याने फ्लॅश १/१००० सारख्या वेगालाही जुळतो. पडदा-शटरच्या बहुतेक कॅमेऱ्यांत साध्या फ्लॅशने हे जमत नाही. टोपीच्या सावलीत गेलेला चेहरा दुपारी उजळायला अंगचा छोटा फ्लॅश पुरतो, मात्र एक-दीड मीटरच्या आत.

इलेक्ट्रॉनिक शटर शक्यतो बंदच ठेवा. एवढे पिक्सेल वाचायला सेन्सरला वेळ लागतो. धावत्या गाडीचे खांब तिरके होतात आणि एलईडीच्या उजेडात चित्रावर आडवे पट्टे उमटतात. गणपतीच्या मांडवात जिकडेतिकडे एलईडी माळा असतात. तिथे पट्टे आले तर दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसून शटरच्या निवडीचा असतो. यांत्रिक शटरचा आवाज मुळातच कुजबुजीइतका आहे, त्यामुळे शांततेसाठी इलेक्ट्रॉनिककडे जायचं कारण नाही.

एक्स१००व्हीच्या तुलनेत सर्वांत मोलाची भर म्हणजे कंप रोखणारा सेन्सर. कंपनी सहा स्टॉपचा दावा करते. हातात धरून १/८ सेकंद, नीट उभं राहिलं तर १/४ सेकंदही धारदार येतं. समईच्या उजेडातला गाभारा आयएसओ ६४०० ऐवजी ८०० ला घेता येतो. हलणाऱ्या आरतीच्या ताटाला याचा उपयोग शून्य. तिथे शटरच वेगवान हवं. ऑटो आयएसओचे, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः आयएसओ ठरवण्याचे, तीन संच मिळतात. एकात किमान शटर १/३० ठेवावं, वस्तू आणि वास्तूंसाठी. दुसऱ्यात १/२५०, माणसांसाठी. कमाल आयएसओ दोन्हींत ६४००. मधलं १/६० दोन्हीकडे फसवतं.

फोकस ही कमजोर बाजू. चेहरा आणि डोळे कॅमेरा ओळखतो, पण लेन्सची मोटर जुन्या घडणीची आहे. एकल फोकस समाधानकारक. सतत फोकस मंद उजेडात पुढेमागे चाचपडतो. पळत्या मुलांचे किंवा कबड्डीचे फोटो हेच मुख्य काम असेल तर हा कॅमेरा घेऊ नये.

जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यातून तयार निघणारे फोटो, वापरणाऱ्यांना यातले वीस फिल्म सिम्युलेशन (फिल्मसारखे रंग देणारे पर्याय) खरोखर पैशाचं मोल देतात. फक्त इंटरनेटवर गाजलेली तयार सेटिंग आंधळेपणाने उचलू नयेत. क्लासिक क्रोम लाल-गुलाबी रंग दबवतो, त्यामुळे गुलाल आणि कुंकू विटकरीकडे झुकतात. वेल्व्हिया उलट टोकाचा: लाल पैठणीचा पोत रंगात बुडून जातो. सणासमारंभाला प्रोव्हिया किंवा ॲस्टिया सरळ, आणि नवा रेआला एस त्वचेला सगळ्यांत प्रामाणिक. नॉइज रिडक्शन, म्हणजे दाणे पुसणारं सेटिंग, शून्यावर ठेवलं तर जास्त आयएसओला चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात; ते उणे चारवर न्यावं. रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइलींवर काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की यातल्या एक्स-ट्रान्स सेन्सरच्या फाइलला लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये सरसकट शार्पनिंग दिलं तर गवत-पानांवर अळ्यांसारखी नक्षी उठते. शार्पनिंग कमी करावं, किंवा फुजिफिल्मचं मोफत एक्स रॉ स्टुडिओ वापरावं. त्यात कॅमेरा केबलने जोडून त्याच्याच प्रोसेसरवर फाइल तयार होते. रॉ फाइल कॉम्प्रेशनशिवाय ८० एमबीच्या घरात जाते. ‘लॉसलेस’ निवडलं तर सुमारे निम्मी होते आणि प्रतीत काहीही जात नाही.

आता पैशांकडे. खोक्यातल्या कॅमेऱ्यावर भागत नाही. पाऊस-धुळीपासून संरक्षण जाहिरातीत असलं तरी ते पूर्ण होण्यासाठी पुढे एआर-एक्स१०० रिंग आणि ४९ मिलीमीटरचा संरक्षक फिल्टर लावावाच लागतो. ते नसेल तर लेन्सचा पुढचा सरकणारा भाग उघडा राहतो, आणि पावसाचं पाणी नेमकं तिथूनच आत जातं. एनपी-डब्ल्यू१२६एस बॅटरी ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरवर (डोळा लावून पाहायच्या काचेच्या खिडकीवर) सुमारे ४५० आणि इलेक्ट्रॉनिकवर सुमारे ३१० फोटो देते, म्हणून दिवसभराला दुसरी हवीच. वेगळा चार्जर सोबत येत नाही. चार्जिंग कॅमेऱ्यातच, यूएसबी-सीने. कार्डाचा खण एकच आणि यूएचएस-१ वेगाचा. महागडं यूएचएस-२ कार्ड घेऊन इथे काहीच मिळत नाही. व्ही३० दर्जाचं साधं १२८ जीबी पुरेसं. एकूण आणखी दहा-पंधरा हजारांची सोय धरावी.

एवढं धरूनही छापील किमतीला हा सौदा महाग नाही, असं माझं मत. अमेरिकेत आला तेव्हा किंमत १,५९९ डॉलर. तोच सेन्सर असलेला फुजिफिल्मचाच एक्स-टी५० २०२४ मध्ये आला तेव्हा नुसताच १,३९९ डॉलर, वर २३ मिलीमीटर एफ/२ लेन्सचे सुमारे ४५० डॉलर; म्हणजे जोडी जास्त महाग, जाड, आणि तिच्यात ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर, एनडी फिल्टर आणि लेन्समधलं शटर यातलं काहीच नाही. लेन्स बदलता येते हा तिचा खरा फायदा, आणि तो हवा असेल तर एक्स-टी५० च घ्यावा. खिशात मावणारा कॅमेरा हवा असेल तर ५२१ ग्रॅमचा हा तुकडा चुकीचा आहे. रिको जीआर ३एक्स त्याच्या निम्म्या वजनाचा, २४ मेगापिक्सेलचा, आणि त्याची ४० मिलीमीटर दृष्टिकोनाची एफ/२.८ लेन्स कोपऱ्यांत याच्या एफ/२ पेक्षा सरस. २०२१ मध्ये तो ९९९ डॉलरला आला. पण व्ह्यूफाइंडर नाही, अंगचा फ्लॅश नाही, बॅटरी जेमतेम २०० फोटोंची, आणि बाहेर येणाऱ्या लेन्समधून धूळ सेन्सरवर जाण्याची त्याची तक्रार जुनी आहे. फुल फ्रेमवर, म्हणजे याहून मोठ्या सेन्सरवर, जायचं तर लाइका क्यू३ ला २०२३ मध्ये तो आला तेव्हाच ५,९९५ डॉलर मोजावे लागत होते. त्या उडीत प्रत वाढते, पण पैशाच्या प्रमाणात मुळीच नाही.

सर्वांत शहाणी काटकसर म्हणजे चांगला राखलेला जुना एक्स१००व्ही. लेन्स तीच, आणि २६ मेगापिक्सेलही ए३ आकाराला ३०० डीपीआयने पुरून उरतात. गमावतो तो मुख्यतः कंपरोधक सेन्सर आणि कापून घ्यायची मोकळीक. मात्र जुना माल नव्या एक्स१००व्हीआयच्या भावात विकायचा प्रयत्न होतो, तिथे थांबू नये.

नवा घेताना छापील एमआरपीवर एक रुपयाही देऊ नका. भारतात एमआरपीच्या वर विक्री कायद्याला धरून नाही, मग तुटवडा असो वा नसो. ‘कॅमेरा मिळेल, पण बॅग आणि कार्ड सोबत घ्यावं लागेल’ ही त्याचीच दुसरी तऱ्हा. खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपीचं लेबल पाहा. जीएसटीच्या बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. बाहेरून आलेल्या, बिलाशिवायच्या तुकड्यावर काही हजार वाचतात, पण भारतातली वॉरंटी हातची जाते. इथे लेन्स आणि सेन्सर एकाच डब्यात बंद आहेत, त्यामुळे दुरुस्ती कशाचीही असो, पूर्ण कॅमेराच उघडावा लागतो.

त्याच कारणाने आपल्या हवेत बुरशी हा मोठा धोका आहे, कोकण, मुंबई आणि गोव्यात तर विशेष. बदलत्या लेन्सला बुरशी लागली तर एक लेन्स जाते, इथे सगळंच जातं. पावसाळ्यात कॅमेरा चामडी कव्हरमध्ये ठेवू नये. चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायचा.

दुकानातून बाहेर पडण्याआधी दहा मिनिटं काढा. वर्तमानपत्राचं पूर्ण पान भिंतीला सपाट लावून दीड-दोन मीटरवरून, कॅमेरा भिंतीला समांतर धरून, एफ/२ आणि एफ/५.६ ला फोटो घ्या. एफ/२ ला चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर लेन्स ठीक. एकच बाजू मऊ असेल आणि एफ/५.६ लाही ती सावरली नाही, तर लेन्स तिरकी बसली आहे. तो तुकडा परत करा. मग पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ ला, मुद्दाम फोकस बिघडवून एक फोटो. त्यात काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, आणि ती घरी पुसता येत नाही. एनडी चालू-बंद करून उजेडात चार स्टॉपचा फरक पडतो का पाहा. शेवटी शटर, ॲपर्चर आणि आयएसओच्या चकत्या दोन्ही दिशांना फिरवून पाहा. वापरलेला कॅमेरा असेल तर उजेड तोच ठेवून एफ/२, एफ/८ आणि एफ/१६ ला जुळत्या शटरने तीन फोटो काढा. एफ/१६ चा उगाच उजळ आला तर ॲपर्चरची पाती चिकटत आहेत. २०११ च्या पहिल्या एक्स१०० मध्ये हा दोष सर्रास आढळायचा, म्हणून जुन्या पिढीतला कुठलाही तुकडा ही चाचणी केल्याशिवाय हातात घेऊ नये.