सुयांचा पिवळा डबा आणि घरातला घातक कचरा नेणारी सर्व्हिस: आठ महिने वापरल्यावर

आईला दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं, वर शुगर तपासायला दोन-तीन लॅन्सेट (बोटाला टोचायच्या बारीक सुया), म्हणजे महिन्याला दोनशेच्या आसपास टोकदार वस्तू आमच्या घरातून कचऱ्यात जातात. इतकी वर्षं आम्ही सुईला टोपण लावून कॅरीबॅगला गाठ मारून सुक्या कचऱ्यात टाकायचो आणि मनापासून वाटायचं की आपण नीट करतोय. मग एका सकाळी कचरा नेणाऱ्या ताईंनी पिशवी उचलली आणि अंगठ्याच्या खाली सुई घुसली, टोपण आत कधीतरी निघालेलं. त्यांनी ती उपटली, हात कपड्याला पुसला आणि पुढची पिशवी उचलायला वाकल्या. मी थांबवलं तर म्हणाल्या, "अहो नेहमीचंच आहे हे."

साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुतला आणि तशीच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. हिपॅटायटिस बीची लस त्यांनी कधीच घेतलेली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं की सुई बाधित माणसाची असेल आणि लस झालेली नसेल तर लागण व्हायची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असते, आणि हा व्हायरस शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकू शकतो. आईचे रिपोर्ट क्लिअर होते म्हणून आमच्या सुईपुरती भीती गेली, लसही त्याच दिवशी सुरू केली, पण त्या ताई रोज किती घरांच्या पिशव्या उचलतात आणि त्यातल्या कुणाच्या सुया असतात हे कुणालाच माहीत नसतं, ते डोक्यातून जाईना म्हणून ही सर्व्हिस घेतली.

डब्याबद्दल आधी, कारण तो खरंच छान बनवलाय. प्लॅस्टिक जाड आणि कडक आहे, सुई आरपार जात नाही. झाकणाला एक खाच आहे, इन्सुलिन पेनची सुई त्यात अडकवून फिरवायची, ती सुटून टक् करून आत पडते, हात लावावा लागत नाही. टोपण परत लावायची गरजच उरत नाही आणि हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण सुई टोचते ती बऱ्याचदा टोपण लावतानाच. आईची नजर आता कमी झालीये, तिलाही हे एकटीला जमतं. आत गेलेली वस्तू बाहेर येत नाही आणि भरला की झाकण कायमचं लॉक होतं. फक्त तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा, त्याची रेषा आहे, पण डबा अपारदर्शक असल्यामुळे बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही!! पहिला डबा आम्ही नकळत गच्च भरला आणि वरची सुई खाचेतून डोकावत होती.

सर्व्हिसमध्ये सुयांसोबत सेल, ट्यूब, सीएफएल, मुदत संपलेली औषधं, उरलेला रंग, कीटकनाशकं पण नेतात. एका सीएफएलमध्ये ४-५ मिलिग्रॅमच पारा असतो पण जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये त्याच्या शंभरपट, आणि आमच्या कपाटात असे दोन निघाले. सोबतचं माहितीपत्रक कामाचं आहे, सीएफएल फुटला तेव्हा त्यात बघूनच खिडक्या उघडून सगळे दहा मिनिटं बाहेर थांबलो, झाडू न मारता पुठ्ठ्याने तुकडे उचलले, बारीक चुरा चिकटपट्टीने, आणि सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत.

पण त्याच पत्रकात ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र करू नका हे अगदी शेवटी बारीक अक्षरात आहे. शेजारच्या काकूंनी पिकअपच्या आधी जागा वाचावी म्हणून दोन्ही उरलेले एकाच बाटलीत ओतले, क्लोरीन वायू सुटला, खोकून खोकून जीव घाबरा झाला त्यांचा. नशीब गॅलरीत होत्या. हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पाहिजे, कंपनीला दोनदा लिहिलंय.

पिकअप दोनदा चुकला. एकदा आलेल्या मुलाने सुटे लिथियम सेल आणि थिनरची फडकी एकाच गोणीत टाकली, मी परत काढायला लावली, कारण असे सेल दाबले गेले किंवा त्यांची टोकं एकमेकांना लागली तर पेट घेतात. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, ग्लोव्हजही नव्हते हातात, आणि याचा मला जास्त राग आला. तक्रार केल्यावर पुढच्या वेळेपासून वेगळे डबे आणि ग्लोव्हज आले. माल पुढे कुठे जातो हे तीनदा विचारल्यावर लेखी मिळालं: सुया भट्टीत जाळतात, ट्यूब पारा काढणाऱ्या रिसायकलरकडे जातात. घेण्याआधी हे विचाराच, जो सांगणार नाही त्याला कचरा देऊ नका.

बिल्डिंगसाठीचा कॉमन डबा आधी गेटच्या कोपऱ्यात होता, महिनाभर रिकामा. लिफ्टजवळ रोजच्या डस्टबिनशेजारी आणला तर दोन आठवड्यांत सेलने भरला, लोकांना टाकायचं होतंच, फक्त तेवढं चालत जायचं नव्हतं.

पाचपैकी चार देते. डब्याला एक पारदर्शक पट्टी द्या एवढं कंपनीला कळवलंय, तोवर दर रविवारी मी खाचेतून टॉर्च मारून रेषा बघते.