ऑडॅसिटी: लाल बटण दाबण्याआधी

रियाज, अभिवाचन, कीर्तन घरच्या घरी रेकॉर्ड करायचं तर फुकटचं ऑडॅसिटी पुरेसं आहे. सॉफ्टवेअर चोख, पण सेटअप सगळा आपल्यालाच करावा लागतो.

विंडोजवर आधी ‘ऑडिओ सेटअप’ उघडा. होस्टमध्ये, म्हणजे विंडोजशी आवाजाची देवाणघेवाण करायच्या पद्धतीत, जुनी एमएमई दिसत असेल तर ‘विंडोज वासापी’ करा. रेकॉर्डिंग डिव्हाइस म्हणून बहुतेकदा लॅपटॉपचाच माइक धरलेला असतो. तिथे आपला यूएसबी माइक किंवा इंटरफेस (साधा माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी) निवडा. यादीत नसेल तर त्याच मेन्यूत ‘रिस्कॅन’ आहे. चॅनेल एकच, मोनो. इंटरफेसला एकच माइक लावून स्टिरिओ ठेवलं की आवाज फक्त डाव्या कानात येतो आणि माणूस उगाच पुण्याच्या तपकीर गल्लीत नवी केबल शोधत फिरतो.

एररमध्ये उणे ९९९७ आलं तर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, जुळत नाही. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ४८००० असेल तर इथेही ४८०००च हवा. उणे ९९९९ दिसलं तर आधी विंडोजच्या प्रायव्हसीत डेस्कटॉप अ‍ॅप्सना माइकची परवानगी आहे का ते बघा.

तार सप्तकातल्या सर्वांत जोरकस सुराला मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहावा. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर नीट शिवता येत नाही.

नॉइज रिडक्शनसाठी सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसा. तो तुकडा निवडून ‘गेट नॉइज प्रोफाइल’ घ्या, मग पूर्ण ट्रॅकवर ६ ते १२ डेसिबल लावा. पंख्याची घरघर जाते. मात्र त्या पाच सेकंदांत तानपुरा चालू असेल तर तोच गोंगाट समजून खरवडला जातो! गणपतीआधीच्या ढोलपथकांच्या सरावावर तर हा इलाज चालतच नाही, कारण तो आवाज एकसारखा नसतो. खिडक्या लावा, नाहीतर पहाटे बसा.

खरी उणीव एक: परवान्याच्या अडचणीमुळे तयार डाउनलोडमध्ये बरीच वर्षं आसिओ, म्हणजे आवाजाचा उशीर कमी करणारी ड्रायव्हरची पद्धत, नव्हती. ती नसेल तर हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो. इंटरफेसवरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ लावून, सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद ठेवा. ठेक्यावर गायलेला दुसरा ट्रॅक सरकत असेल तर लेटन्सी कॉम्पेन्सेशनचा (हा उशीर भरून काढणाऱ्या सेटिंगचा) उणे १३० मिलिसेकंदाचा आकडा बदला. मेट्रोनोमचा टिकटिकाट स्पीकरवरून परत रेकॉर्ड केला की नेमका फरक मोजता येतो. रोजच पाच-सहा ट्रॅक लागत असतील तर रीपर हे दुसरं सॉफ्टवेअर बघा, ६० दिवस वापरून पाहता येतं.

सेव्ह केल्यावर बनते ती प्रोजेक्टची फाइल, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाच वाजवता येत नाही. पाठवायची ती एक्स्पोर्ट करून, एमपी३.