विलीस जीपचा गंज : अठरा महिने, दोन पावसाळे आणि एक पूर

मी दुरुस्त केलेली जुनी लष्करी जीप मे २०२४मध्ये चालती झाली आणि ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी बडोद्यातल्या आमच्या कारेलीबागेतल्या अंगणात शिरलं. घरातलं सामान वरच्या मजल्यावर नेण्यात रात्र गेली, जीप हलवायला सवडच मिळाली नाही. सकाळी पाहिलं तर बसायच्या जागेत चार बोटं पाणी होतं, आणि ते दीड दिवस उतरलं नाही. चौदा महिने खपून गंजावर जे जे इलाज केले होते, त्या सगळ्यांची परीक्षा एका झटक्यात झाली. आता दुसरा पावसाळाही उलटलाय, म्हणून लिहायला बसलेय. नवा रंग लागला की कुठलीही गाडी देखणीच दिसते. त्या वेळच्या मतावर दुसऱ्या कुणी पैसे खर्च करू नयेत.

आधी गाडीबद्दल. विलीस एमबी, दुसऱ्या महायुद्धातली. २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन, तीन गिअर, ६ व्होल्टचं वायरिंग. ही जीप विलीस आणि फोर्ड अशा दोन कारखान्यांत बनत होती आणि दोघांचे भाग एकमेकांना बसतात, त्यामुळे आज सापडणाऱ्या बहुतेक गाड्या मिश्र असतात. ओळखायचं असेल तर रेडिएटरच्या खाली वाकून चॅसीचा, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचा, पुढचा आडवा दांडा बघा. गोल नळी असेल तर चॅसी विलीसची, उलट्या यू आकाराचा पत्रा असेल तर फोर्डची. फोर्डच्या बोल्टांच्या डोक्यावर एफ अक्षर उठवलेलं असतं. माझी चॅसी विलीसची आहे, पण असे एफवाले अकरा बोल्ट तिच्यात निघाले. ते मी जपून परत तिथेच लावले.

जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरला होता. तिथून आले ते डोक्यात हेच घेऊन. महिन्याभरात सावली गावाकडच्या एका शेतात, गोठ्यामागे, ही सापडली. बॉनेट, फेंडर, काच लावायची चौकट, सगळं लालभडक गंजलेलं, पण पत्रा वाजवला तर खणखणीत. मला वाटलं, वरवरचा गंज आहे, सहा महिन्यांचं काम. शेजारचे काका ईएमईमधून, म्हणजे लष्कराची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून, निवृत्त झालेले, इथल्याच ईएमई स्कूलमध्ये बरीच वर्षं काढलेली. ते गाडीभोवती फिरले, मग जमिनीवर चक्क आडवे झाले आणि स्क्रू ड्रायव्हर मागितला. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याला खालून एक टोपीच्या आकाराची लांब पट्टी असते, तिला त्यांनी तो नुसता टेकवला. मुठीपर्यंत आत गेला.

एमबी घेणाऱ्या प्रत्येकाने सगळ्यात आधी ही जागा बघावी. बॉडीला मजबुती यावी म्हणून तळाला या पट्ट्या जोडलेल्या असतात आणि त्यांच्या पोकळीत लाकूड भरलेलं असतं. पाणी एकदा आत गेलं की लाकूड ते पिऊन बसतं, आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. आपल्याकडची काळी माती त्यात भर घालते. ती टोकांना चिकटून बुच मारल्यासारखी बसते, उन्हाळ्यात दगड होते आणि पहिल्या पावसात पुन्हा ओली. मी पट्टी कापली तेव्हा आतून लाकूड निघालंच नाही. उकळून गाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा ओला काळा भुगा निघाला, मार्च महिन्यात, महिनोन्‌महिने पाऊस नसताना. बोटांत धरला तर थंड लागला.

काका तेव्हा म्हणाले, "अगं, रंगाचं नंतर बघ. आधी पाणी कुठून बाहेर जातं ते बघ. भोकं बुजलेली असतील तर कितीही रंग फास, काय उपयोग?" तेव्हापासून त्यांनी मला बादलीची सवय लावली. बॉडीचं कुठलंही काम झालं की आत एक बादली पाणी ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि कुठे थेंब उरलाय तिथे खडूने खूण करायची. ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी ज्या खोलगट भागात बसते तो आणि मागच्या चाकांवरची अवजारांची दोन खोकी, या तीन जागा दर वेळी नापास झाल्या. पट्ट्यांमध्ये मी नवं सागवान भरलं, पण चारी बाजूंनी एपॉक्सी (पाणी अडवणारं रेझिन) पाजून, आणि दोन्ही टोकांना करंगळी जाईल एवढी भोकं ठेवून. हट्टाने मूळ स्वरूप जपणाऱ्यांना ती भोकं रुचणार नाहीत. पुराचा गाळ त्याच भोकांतून धुऊन निघाला, म्हणून मला त्यांचं वाईट वाटत नाही.

गंज काढायच्या पद्धतींपैकी माझं पहिलं मत इलेक्ट्रोलिसिसला, म्हणजे पाण्यात वीज सोडून गंज काढण्याला. निळं प्लास्टिकचं पिंप, धुण्याचा सोडा (लिटरला साधारण चमचाभर), भंगारातल्या सळ्या आणि जुना बॅटरी चार्जर. गंजलेला भाग निगेटिव्हला, सळ्या पॉझिटिव्हला. उलट जोडलंत तर आपलाच भाग झिजेल. पेडलं, कंस, बिजागऱ्या, जेरीकॅनचा स्टँड, सगळं एका रात्रीत काळं पडून निघतं आणि ब्रश मारला की खाली शाबूत लोखंड. कारखान्याचे ठसे जसेच्या तसे राहतात, जे ग्राइंडरने कधीच राहिले नसते. तीन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. सळीऐवजी स्टेनलेस स्टील वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो आणि एक ठिणगी पुरते. आणि स्प्रिंग किंवा कडक पोलादाचे बोल्ट त्यात टाकू नका, हायड्रोजनने ते ठिसूळ होतात.

उसाच्या मळीच्या एका भागाला नऊ-दहा भाग पाणी घालून त्यातही काही तुकडे ठेवले होते. पंधरा-वीस दिवसांनी स्वच्छ निघाले, पण वास आठवडाभर अंगणातून गेला नाही. कार्ब्युरेटर त्यात अजिबात घालू नका, जस्त-अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू मळीत खाल्ले जातात. सँडब्लास्टिंग फक्त चॅसीला केलं. बॉडीचा पातळ पत्रा त्याने फुगतो आणि मग सरळ होत नाही.

रस्ट कन्व्हर्टरबद्दल, म्हणजे गंजावरच लावायच्या रसायनाबद्दल, मी निराश आहे. पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर तो छान काळा थर धरतो. पापुद्रे सुटलेल्या गंजावर मात्र नुसता वरचा पापुद्रा काळा होतो, खालचं काम चालूच राहतं. पायाखालच्या ज्या भागात मी घाईने, नीट न खरवडता लावला होता, तिथे पुरानंतर दोन महिन्यांत तपकिरी टिपके वर आले.

आता प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, कारण सगळ्यात जास्त प्रश्न याचेच येतात. सगळ्या बॉडीला दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर मारला. डाव्या मागच्या खोक्यापाशी तो संपला. पुढचा डबा यायला आठवडा लागणार होता आणि मी थांबले नाही. तिथे नेहमीचा रेड ऑक्साइड (लाल प्रायमर) मारून वर तोच मॅट ऑलिव्ह रंग दिला. पुरानंतर जीप धुऊन वाळवली तेव्हा बाकी सगळीकडे रंग अखंड होता, आणि त्या एका खोक्यात नखाएवढे फुगे. फुगा फोडला तर आत ओला नारिंगी गंज. साधा रेड ऑक्साइड ओल शोषतो, आणि मॅट रंग चकचकीत रंगासारखं पाणी अडवत नाही, त्यामुळे लष्करी गाडीत सगळी भिस्त खालच्या थरावरच असते. रंगाच्या दुकानात मला हे कुणी सांगितलं नाही, उलट "सगळे हेच लावतात" म्हणून रेड ऑक्साइड हातात ठेवलं. वेल्डिंगच्या सांध्यांत, पट्ट्यांच्या पोकळीत मेणाचा फवारा मारला होता. तो उत्तम टिकलाय, पण दर वर्षी पावसाळ्याआधी पुन्हा मारावा लागतो.

पूर ओसरल्यावर इंजिन लगेच सुरू केलं नाही, हे काकांचं ऐकलं ते बरं झालं. आधी प्रत्येक तेल थोडं थोडं काढून पाहिलं. इंजिनचं ठीक होतं, पण दोन्ही डिफरन्शियलमधून (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्यांतून) दुधाळ पांढरं तेल आलं, म्हणजे हवेच्या भोकातून पाणी आत गेलेलं. ते दोनदा बदललं, चाकांची बेअरिंगं उघडून नवं ग्रीस भरलं. ब्रेकचा मास्टर सिलिंडर या गाडीत पायाखाली, पाण्याच्या वाटेतच असतो, त्यामुळे ब्रेक ऑइल काढून टाकलं. चाकं उघडणाऱ्यांना कळकळीने सांगते: तुमच्याकडे दोन भागांची, नटांनी जोडलेली लष्करी रिम असेल तर हवा पूर्ण सोडून व्हॉल्व्ह काढल्याशिवाय त्या नटांना पाना लावू नका. भरल्या टायरची ती रिम माणूस मारू शकते.

चालवण्याचा अनुभव: अठरा महिन्यांत अकराशे किलोमीटर, बहुतेक रविवारी सकाळी, दोनदा पावागढच्या पायथ्यापर्यंत. ताशी ६०ला गाडी खुश असते, त्यापुढे गिअरबॉक्स रडतो. वायरिंग ६ व्होल्टचंच ठेवलं. लोक १२ करायला सांगतात, पण खरा दोष बारीक केबलचा असतो. ६ व्होल्टला त्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो. जाड केबल टाकली, अर्थिंगच्या जागा घासून उघड्या केल्या, की थंडीतही पहिल्या झटक्यात सुरू होते. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मात्र इंजिनच्या पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा जुना डायफ्रॅम (पडदा) फुगवला, तो बदलावा लागला. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करते, कारण इथेनॉल ओल खेचतं आणि टाकी आतून गंजते.

नोंदणीबद्दल: २०२१च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पण मग ती नेहमीच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांना. माझ्या गाडीची जुनी नोंदणी जिवंत होती, म्हणून मी तिचंच नूतनीकरण केलं.

डावं खोकं या दिवाळीनंतर पूर्ण खरवडलं, एपॉक्सी मारला, आठवडाभर थांबून मगच रंग दिला. परवा काका आले, बादली स्वतःच भरून ओतली. उजवं खोकं कोरडं झालं. डाव्याच्या मागच्या कोपऱ्यात अजून दोन चमचे पाणी राहतंय, तिथे खडूची खूण केलीय.