मेणाखालचं पाणी: ‘वाळलेल्या’ लाकडात मी कशी फसले

पहिली तक्रार आली तेव्हा मी ग्राहकाचीच चूक काढली होती. बाईंनी फोटो पाठवला होता. वाडगा टेबलावर, आणि एका बाजूने त्याच्या बुडाखाली बोट जाईल एवढी फट. खाली एकच शब्द, “हलतोय.” उन्हात ठेवलात का, पाण्यात भिजत टाकलात का, असे चार प्रश्न मी त्यांनाच विचारले. त्यांनी काहीच केलं नव्हतं. खोक्यातून काढून शेल्फवर ठेवला होता, आठ दिवस. मग दुसऱ्या ग्राहकाचा फोटो आला. त्यात काठापासून खाली उतरलेली चीर होती, नख आत जाईल अशी. मी वही काढली. दोन्ही वाडगे एकाच लॉटमधले निघाले आणि पोटात गोळा आला.

लाकडी वाडग्याच्या धंद्यात पैसा लाकडात कमी अडकतो, वाट बघण्यात जास्त. ओलं लाकूड आणलं की आधी जाडजूड वाडगा कातायचा. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे २५० मिलिमीटरच्या वाडग्याला २५ च्या आसपास. तो कागदी पिशवीत घालून कित्येक महिने विसरायचा. वाळताना तो वाकडा होतो, होऊ द्यायचा, आणि मग पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा. अख्खं लाकूड सावलीत वाळवायचं तर २५ मिलिमीटर जाडीला एक वर्ष हा जुना ठोकताळा आहे. ७५ च्या ठोकळ्याचा हिशोब तुम्हीच करा. माझ्याकडे ऑर्डरी वाढल्या होत्या आणि शेल्फवर वाळलेलं काही उरलं नव्हतं. नेमका तेव्हाच तो विक्रेता भेटला.

“भट्टीत वाळवलेले, कातायला तयार गोल ठोकळे, ओल ९ टक्के.” आधी त्याने चार नमुने पाठवले. ते खरोखर उत्तम होते. बोटाने वाजवले तर टणटणीत आवाज, आणि कातताना नुसता भुगा. मी खूश. मग ६० नगांची ऑर्डर दिली, निम्मे पैसे आधी आणि उरलेले माल निघण्यापूर्वी. माल निघण्याआधी त्याने व्हिडिओ पाठवला. ठोकळ्यांची थप्पी, वरच्या ठोकळ्याला ओलमापक टेकवलेला, आकडा ९.२. त्या ठोकळ्यावर डोळ्यासारखी एक गाठ होती, मधोमध काळी बाहुली आणि भोवती तपकिरी कडं. मला ती इतकी आवडली की हा वाडगा आपण स्वतःलाच ठेवायचा, असं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. उरलेले पैसे त्याच संध्याकाळी पाठवले.

माल आला तो सगळ्या बाजूंनी मेणात बुडवलेला. इथेच माझं डोकं चालायला हवं होतं. मेण लावतात ते ओल्या लाकडाला, विशेषतः रेषा जिथे आडव्या कापल्या जातात त्या तोंडांना, म्हणजे पाणी हळू निघावं आणि लाकूड तडकू नये. चांगले विक्रेतेही लावतात, आणि ‘ओलं आहे’ असं सांगून विकतात. वाळून तयार झालेल्या लाकडाला हा रेनकोट कशाला? मी विचारलं होतं. तो म्हणाला, “ताई, प्रवासात दमट हवा लागू नये म्हणून.” पटलं. पटवून घ्यायचंच होतं मला.

लेथवर तर लाकूड ओरडून सांगत होतं. वरचा बोटभर थर भुग्यासारखा उडाला आणि त्याखाली गाऊजवरून, म्हणजे कातायच्या पन्हळीदार पटाशीवरून, लांबच लांब, लवचिक ढलप्या निघायला लागल्या, मुठीत दाबल्या तर गार लागणाऱ्या. काचपेपर दोन मिनिटांत चिकटून बंद पडत होता. त्याचं खापर मी मेणावर फोडलं. संध्याकाळी गाऊज न पुसता ठेवली, सकाळी तिच्यावर निळसर काळे डाग. लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य, लोखंड आणि पाणी एकत्र आले की असे डाग पडतात, हे मी स्वतः नवशिक्यांना सांगत आले आहे. पण ऑर्डरीची यादी भिंतीवर होती आणि वाडगे सुरेख गोल निघत होते.

ते तेव्हा गोलच राहणार होते, हे नंतर लक्षात आलं. लाकडातली ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत ते आकसत नाही. आधी पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी निघून जातं, आकार तसाच राहतो. त्यानंतर पेशींच्या भिंतींतलं पाणी सुटायला लागतं आणि खरी ओढाताण सुरू होते. वलयांच्या कडेने लाकूड जेवढं आकसतं, त्याच्या जवळपास निम्मंच त्रिज्येच्या दिशेने. म्हणून गोलाचा लंबगोल होतो. आणि मी काय केलं? तेलाचा हात दिला, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं आणि कुरिअरला दिलं. वाटेत पाणी आतच राहिलं. ग्राहकाने कोरड्या खोलीत प्लास्टिक सोडलं आणि आकसण्याचं सगळं काम त्याच्या शेल्फवर झालं.

दुसऱ्या तक्रारीनंतर एक ठोकळा करवतीने मधोमध कापला. ताज्या कापाला हात लावला तर गारठा. त्यातला छोटा तुकडा वजन केला, ४६ ग्रॅम. ओव्हनमध्ये १०३ अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवला. उरले ३४ ग्रॅम. गेलेलं पाणी १२ ग्रॅम, भागिले कोरडं वजन ३४, म्हणजे ३५ टक्के. ९ नव्हे. ओलमापकाच्या सुया फक्त त्या जेवढ्या रुततात तेवढ्याच खोलीचं सांगतात, आणि त्याने तर त्या वरच्या सुकवलेल्या सालीला नुसत्या टेकवल्या होत्या. मग त्या डोळ्याच्या गाठीचा ठोकळा शोधला. कातलेल्या २४ वाडग्यांत ती गाठ दिसली नव्हती. उरलेल्या नगांचं मेण पत्र्याने खरवडून पाहिलं, त्यातही नव्हती.

फोन केला. तो अजिबात चिडला नाही. “ताई, लाकूड जिवंत असतं, ते हलणारच. तुमच्या ग्राहकांना सांभाळता येत नाही.” हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त चीड आली. बिल काढून बघितलं तर त्यावर ‘लाकडी ठोकळे, नग ६०’ एवढंच. वाळलेले, भट्टीतले, ९ टक्के, यातलं एक अक्षर नाही. ते सगळं बोलण्यात आणि व्हिडिओत. पैसे मीच पाठवले होते आणि माल पोचला होता, तर भांडणार कशावर? चार दिवसांनी त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

१९ वाडगे रवाना झाले होते. तक्रार केलेल्यांची वाट न बघता सगळ्यांना स्वतःहून कळवलं आणि पैसे परत केले. काहींनी वाकडा वाडगा प्रेमाने ठेवून घेतला. एकाने लिहिलं की आता तो होडीसारखा दिसतो. हसू आलं, पण तो महिना गेला तो गेलाच.

आता मी नमुना विक्रेत्याला निवडू देत नाही. खोक्याच्या तळातला एक नग काढते, मधोमध कापते, कापलेल्या तोंडावर सुया ठोकते आणि तुकडा ओव्हनमध्ये घालते. एक ठोकळा जातो, जाऊ दे. उरलेले पैसे त्यानंतर, आणि ओलीचा आकडा बिलावर लिहून घेते. जो लिहून द्यायला का-कू करतो, त्याच्याशी व्यवहार नाही. ज्यांना कापायचं जिवावर येतं त्यांनी निदान प्रत्येक ठोकळ्यावर तारीख आणि वजन पेन्सिलने लिहावं आणि दर आठवड्याला काट्यावर ठेवावं. वजन उतरतंय तोवर आतून पाणी निघतंय. मात्र त्यासाठी मेण आधी खरवडा, नाहीतर पाणी निघणारच नाही आणि काटा तुम्हाला खोटा दिलासा देईल.

त्या लॉटमधले जे नग उरले होते ते जाडे कातून पिशव्यांत ठेवलेत. काही तडकलेत, काही तगतील.

मागच्या आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला, “ताई, भट्टीत वाळवलेला माल तयार आहे.” सोबत व्हिडिओ. थप्पी, ओलमापक, ९.२, आणि वरच्या ठोकळ्यावर डोळ्यासारखी ती गाठ.