लंडनमध्ये बॅरिस्टर व्हायचंय, पण कोणत्या कायद्यातले?

माध्यमांचा कायदा, मानवाधिकार आणि आंतरराष्ट्रीय कायदा ही तीन नावं एका दमात घेतली जातात. पण सुरुवात कुठून करायची, हे ठरवताना त्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

माध्यम-कायद्याचं आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे लोकमान्यांनी ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर लंडनमध्ये लावलेला अब्रूनुकसानीचा दावा. टिळकांकडून सर जॉन सायमन उभे राहिले, चिरोलकडून सर एडवर्ड कार्सन. १९१९ मध्ये टिळक हरले. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचाही खर्च सोसायचा, हा तिथला सर्वसाधारण नियम आजही आहे. त्यामुळे वर्तमानपत्रं छापण्याआधीच वकिलाला विचारतात. नवशिके बॅरिस्टर संध्याकाळी वृत्तपत्राच्या कचेरीत बसून उद्याचा मजकूर तपासतात. २०१३ च्या अब्रूनुकसानीच्या कायद्यानंतर दावा करणाऱ्याला ‘गंभीर हानी’ झाल्याचं दाखवावं लागतं, म्हणून सगळी मेहनत पुराव्यावर आणि शब्दाच्या अर्थावर. पायाभरणीला याहून चांगलं काम मला दिसत नाही.

मानवाधिकारात समोर कैदी असतो, आश्रयाला आलेलं कुटुंब असतं, कधी कोठडीत मेलेल्या माणसाची आई असते. ऑक्टोबर २००० पासून हे हक्क ब्रिटनमधल्याच न्यायालयांत मागता येतात. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात जायचं ते देशातले उपाय संपल्यावर, आणि आता चार महिन्यांच्या आत. कामाला तोड नाही. पण अशा अशिलांची फी बहुधा सरकारी कायदेशीर मदतीतून येते, आणि २०१३ मध्ये तिची व्याप्ती बरीच छाटली गेली. पहिली काही वर्षं हातातोंडाची गाठ पडणं कठीण, हे घरी आधीच सांगून ठेवा.

आंतरराष्ट्रीय कायदा म्हटलं की कुलभूषण जाधव खटला आठवतो. नागपूरचे हरीश साळवे एक रुपया फी घेऊन हेगला उभे राहिले आणि १७ जुलै २०१९ ला निकाल १५ विरुद्ध १ असा भारताच्या बाजूने लागला. ते पाहून छाती भरून येते, पण साळवे तिथे पोचले ते सर्वोच्च न्यायालयातल्या कित्येक वर्षांच्या वकिलीनंतर. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पक्षकार फक्त राष्ट्रं असतात, आणि राष्ट्रं नवख्याच्या हाती खटला देत नाहीत.

म्हणून माझा कौल माध्यम-कायद्याला. त्यात मानवाधिकार आपोआप येतात: मॉडेल नाओमी कॅम्पबेल २००४ मध्ये दैनिकाविरुद्ध ३ विरुद्ध २ अशी जिंकली, तो वादच खासगीपणाचा हक्क आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांतला होता. १९९० मध्ये सुरू झालेल्या डाउटी स्ट्रीटसारख्या चेंबर्समध्ये (बॅरिस्टरांच्या सामाईक कचेरीत) तर तिन्ही कामं एका छपराखाली चालतात. मात्र बाजू निवडायची मुभा गृहीत धरू नका. आज संपादक, उद्या त्याच्यावर दावा लावणारा. आलेला खटला मनाला पटत नाही म्हणून नाकारता येत नाही. हा नियम मानवाधिकारातही सुटत नाही, त्यामुळे तिकडे वळूनही पळवाट नाही.

प्युपिलेजच्या, म्हणजे बॅरिस्टरच्या उमेदवारीच्या, बारा महिन्यांपैकी पहिले सहा दुसऱ्याचं काम पाहण्यात जातात. मुलाखतीत एवढं नक्की विचारा: उरलेल्या सहांत मी स्वतः कोर्टात किती वेळा उभा राहीन?