आईसाठी गोळी निवडताना: डायझेपाम की लोराझेपाम

झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या या दोन्ही गोळ्या बेन्झोडायझेपिन या एकाच कुळातल्या आहेत, आणि नुसती रात्रीची झोप पाहिली तर त्यांत डावे-उजवे करणे अवघड आहे. फरक पडतो तो यकृत त्यांचा निचरा कसा करते यात. डायझेपामचे यकृतात आधी ऑक्सिडीकरण व्हावे लागते आणि ही क्षमता वयाबरोबर घटते. लोराझेपामला मात्र यकृत थेट ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देऊन लघवीवाटे घालवते, आणि हे काम म्हातारपणीही बऱ्यापैकी टिकून राहते. डायझेपामचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण वयाच्या आकड्याइतके तास लागतात, असा एक ढोबळ हिशेब डॉक्टर सांगतात. शिवाय तिच्यापासून यकृतात बनणारा पदार्थही गुंगी आणतो आणि तिच्याहून जास्त रेंगाळतो.

आईला 79व्या वर्षी आधी डायझेपामच दिली होती. पहिल्या दोन रात्री ती शांत झोपली आणि आम्हीही झोपलो. पाचव्या सकाळी मात्र ती देवघरासमोर, वातच न घातलेल्या निरांजनाला काडीमागून काडी लावत बसलेली दिसली. डोस वाढवलेला नव्हता; आदल्या रात्रींच्या गोळ्या उतरण्याआधीच नवी पोटात जात होती. डॉक्टरांनी लोराझेपामवर आणल्यानंतर काही दिवसांतच तिची सकाळ मोकळी झाली, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

एका घरचा अनुभव सर्वांना लागू होईलच असे नाही. चाळिशीत माझी पाठ धरली होती, तेव्हा मला डायझेपामने काहीच त्रास दिला नव्हता. आणि ती हळू उतरते म्हणून सोडतानाही कमी जाचते, हेही खरे आहे. लोराझेपामचीही सवय लागते, आणि ती एकदम बंद केली तर झोप पुन्हा उडते.

आई स्त्री असल्यामुळे काही वेगळे होते का, असे मी डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी झोल्पिडेम या झोपेच्या दुसऱ्या एका गोळीचा दाखला दिला. स्त्रियांच्या रक्तात ती सकाळपर्यंत जास्त उरते म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने 2013 मध्ये त्यांच्यासाठीचा डोस 10 मिलिग्रॅमवरून 5 वर आणला होता. आमच्या दोन गोळ्यांत मात्र मला वयच भारी वाटले.

उतारवयात या कुळातली कोणतीही गोळी शक्यतो टाळावी, असेच डॉक्टरांचे म्हणणे आहे, कारण रात्री उठताना तोल जातो. त्यामुळे लोराझेपामही आम्ही त्यांच्या सल्ल्याने एखाद्याच रात्री देतो, आणि त्या रात्री आईच्या उशाशी पूजेतली घंटा ठेवतो.